पाठवणी न म्हटलेला धवला

आमच्या मानपाड्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांना निरोप देतात तो भाषणांनी नाही, धवल्याने. दुसऱ्या कॉलेजांत काय करतात मला ठाऊक नाही आणि विचारायलाही मी जाणार नाही. कॉलेज उभं आहे ती आमची भातशेती. माझा मुलगा काळुराम संस्थेचा अध्यक्ष. मी त्याची आई रखमाबाई, आणि या आजूबाजूच्या गावांची धवलारीन.

इमारतींत राहायला आलेल्यांना हे सांगावं लागतं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी धवलारीन बसते आणि धवला गाऊन लग्न लावते. आमच्या घराण्याच्या धवल्याला तीन अंगं. पहिलं बोलावणं, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. दुसरं कौतुक, ज्यांच्यासाठी मांडव घातला त्यांचं. तिसरी पाठवणी, आलेल्यांना पुन्हा नावं घेऊन परत वाटेला लावायचं. जेवढे बोलावले तेवढे पाठवायचे, त्याच क्रमाने, एकही नाव न गाळता. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण माझ्या बोलावण्याला कोणी आलं नाही असं कधी झालं नाही. सासूच्या वेळी व्हायचं. माझ्या वेळी नाही.

पहिल्या निरोपाला भाषण करणाऱ्या सरांचा घसा ऐन वेळी बसला आणि काळुराम म्हणाला, आये, तूच काहीतरी म्हण. मी लग्नाचा धवला म्हटला आणि नवऱ्या मुलाच्या जागी पोरांची नावं घातली. लोक रडले. तेव्हापासून चालू आहे. प्राचार्य मेघना मॅडम याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतात. म्हणू देत.

यंदा कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला पाचच पोरं उरली होती. आदल्या दिवशी पाचही माझ्या ओटीवर आली. मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारते. कोणाला बोलवू, आणि दहाव्याला कावळा कशासाठी अडला होता. दुसरं मुद्दाम विचारते. माणसाचं जे राहून गेलं ते गाण्यात घातलं की ते माणूस हमखास येतं.

विनीतने आजोबांचं नाव दिलं, पंढरी. साताऱ्याकडचे, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या भरल्या. चुलत्याने पिंडासमोर हात जोडून विनीतला कॉलेजात घालतो म्हटलं, तेव्हा कावळा शिवला. ऋतुराजने शांताबाई सांगितली, त्याची आत्या, तिनेच त्याला वाढवला. तिच्या वेळी शेवटी मिश्रीची डबी ठेवावी लागली, आणि घरात तर सगळे समजत होते की बाईने मिश्री कधीच सोडली. सोनल आमच्याच भावकीतली, शिकता शिकता लग्न झालेली. तिने सासूचं नाव दिलं, सरोजचं. सुनेचा अभ्यास बुडू नये म्हणून स्वतः भांडी घासायची ही सासू. सोनल पोटावर हात ठेवून पुढे झाली तेव्हा कावळा उतरला. तोवर तिला दिवस गेल्याचं घरात कोणाला माहीत नव्हतं.

संचिता म्हणाली, आम्ही बौद्ध, आमच्यात कावळा नाही आजी, आम्ही हे मानत नाही. मी म्हटलं, नको मानूस, तुझं कौतुक तरीही करीन. ती उठली, चपला घातल्या, आणि पायरीवरून परत आली. तिची आजी मीराबाई या कॉलेजच्या बांधकामावर घमेली वाहायला होती. हॉलचा स्लॅब भरला त्या दिवशी कामगारांना पेढा देऊन मोकळं केलं, आणि नंतर तिला आत यायचं काही कारणच उरलं नाही.

"मानत नाही मी," संचिता म्हणाली, "पण त्या हॉलमध्ये तिचं नाव कोणीतरी मोठ्याने घ्यावं असं वाटतं."

शेवटी क्षिप्रा. कळव्याहून येते. बोलताना ओढणीच्या टोकाला गाठ मारते आणि बोलून झालं की सोडवते. वडिलांना बोलवा म्हणाली, रवींद्र नाव. दहावा कळव्याच्या खाडीवर केला. कावळा कशासाठी अडला ग, मी विचारलं.

"अडला नाही. लगेच शिवला."

लगेच शिवला म्हणणारं घर मी आजवर पाहिलेलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं आणि घरच्यांना ते सविस्तर सांगायचं असतं. मला खटकलं. पण पोरीच्या ओढणीला गाठीवर गाठ पडत होती, आणि बापासाठी रडू दाबणाऱ्या पोरीला मी उलट प्रश्न करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. ऊन असं की कारखान्यांचा वास जमिनीला धरून बसला होता. स्टेजवर पाट, पाटावर केळीच्या पानाचे पाच तुकडे, प्रत्येकावर तांदळाची रास आणि राशीवर उभी सुपारी. समोर पहिल्या रांगेत लाल कापड घातलेल्या पाच रिकाम्या खुर्च्या, बोलावलेल्यांसाठी. ठाण्याहून कोणी मोठे पाहुणे आले होते, ते नेमके त्यातल्या एकीवर बसले. मी माइकवरून सांगितलं, ती जागा धरलेली आहे. ते हसले. मी हसले नाही. ते उठले.

मी बोलावणं सुरू केलं आणि वीज गेली. पंखे थांबले, माइक गेला. बरंच झालं, नाहीतर पुढे जे झालं ते मॅडमनी पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं असतं.

ये रे पंढरीदादा, भरली गाडी सोड,
नातवाच्या मांडवाची लागू दे तुला ओढ.

सुपारी हलत नाही, घरंगळत नाही. चिखलात पाय जातो तशी सावकाश तांदळात उतरते आणि वरून तांदूळ मिटतात. पंढरीची उतरली. पहिल्या खुर्चीचं कापड मधोमध दबलं. शांताबाईची उतरली तेव्हा पुढच्या रांगांत मिश्रीचा वास आला आणि ऋतुराजने नाकावर हात नेला. सरोजच्या वेळी सोनलचं बाळ मागे बापाच्या कडेवर किरकिरत होतं, ते गप्प झालं आणि खुर्चीकडे बघून हसायला लागलं. मीराबाईची सुपारी मात्र उतरेना. बाई दाराशी उभी राहून आत येऊ का असं बघत असावी. मी तिची ओळ पुन्हा म्हटली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. मग उतरली. न मानणाऱ्या पोरीने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मग रवींद्र. मी त्याचं नाव म्हटलं, पण काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. सुपारी तांदळावर उभीच्या उभी. माझी कानशिलं तापली. इतक्या मांडवांत बसले, कोणी माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. मी क्षिप्राकडे पाहिलं. पोरगी रडत होती आणि हसत होती. तेव्हा मला कळलं.

ती पाण्याचा पेला घेऊन माझ्याजवळ आली आणि वाकून सगळं सांगितलं. ती शाळेत असताना बाप घरातून निघाला तो परतलाच नाही. पोलीस झाले, देव झाले. आता सात वर्षं उलटली, आणि वकील म्हणतो की कोर्टाकडून तो गेला असं ठरवून घेता येईल. आईने ठाण्याला जाऊन सही करायची आहे. सही करायच्या आधी हिला खरं काय ते हवं होतं. माझ्याकडे येत नाही असा मेलेला माणूस नाही, हे हिने सोनलकडून ऐकलेलं.

"आले नाहीत, म्हणजे आहेत. हो ना आजी?"

"आहे," मी म्हटलं. "आणि आता मरेल. तू मला जिवंत माणसाचं नाव दिलंस गो."

सासूने मला हे शिकवलं होतं आणि मी ते कधी अजमावून पाहिलं नव्हतं. जिवंताला या बोलावण्यात घेतलं तर तो येत नाही, तो उठतो. जिथे असेल तिथून, हातातलं टाकून, असेल तसा निघतो. आणि पाठवणीत बाकीच्यांची नावं घेतली की त्यांच्याबरोबर तोही चालायला लागतो. क्षिप्राच्या हातचा पेला कलंडला. पेल्यातलं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. तेवढ्यात पाटावरची पाचवी सुपारी उभ्या उभ्या फिरली आणि तिचं टोक हॉलच्या दाराकडे झालं.

कौतुक चालू आहे तोवर पाठवणी येत नाही. मी कौतुक सुरू केलं आणि थांबले नाही.

विनीतचं घेतलं. रंगाच्या कंपनीत पाळी करून वर्गात येणारा पोर. नखं एक दिवस गुलाबी, एक दिवस निळी, त्यावरून अख्ख्या कॉलेजला कळायचं काल कुठला माल निघाला. मागच्या बाकावर उघड्या डोळ्यांनी झोपायचा, आणि सरांनी उठवलं की बरोबर उत्तर द्यायचा. सर म्हणायचे, याला झोपेत तरी चुकवून दाखवा. ऋतुराजचं घेतलं. याच्या तोंडाला कुलूप नाही. भाई म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, मलाही एकदा भाई म्हणाला. केस पिवळे करून आला तेव्हा मी विचारलं, रे, डोक्याला कावीळ झाली का. पण शिपायाची बायको आजारी पडली तेव्हा रक्त द्यायला पहिला हाच, आणि सुई बघून चक्कर येऊन पडला तोही हाच. लोक हसत होते. मी दाराकडे बघत होते.

सोनलचं घेतलं. पेपर लिहिताना हॉलबाहेर बाळ रडलं की हिचं पेन थांबायचं नाही, डोळ्यांतून पाणी मात्र कागदावर. संचिताचं घेतलं. वादात या पोरीने प्राचार्यांनाही सोडलं नाही. मला म्हणाली होती, आजी, पोरींना नुसते आशीर्वाद देऊ नका, त्यांना काय हवंय तेही विचारा. मी त्या दिवशी चिडले आणि दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागले. आणि क्षिप्राचं घेतलं. रोज मधल्या सुट्टीत ही फाटकापाशी जाऊन उभी राहायची. पोरांना वाटायचं हिचा कोणी मित्र यायचा असेल. रस्त्यावरून चालणारा प्रत्येक माणूस ती नीट बघून घ्यायची, एवढंच. हे मला तिने सांगितलेलं नव्हतं. गाताना तोंडातून आलं.

काळुराम खालून खुणा करत होता. समोसे थंड झाले होते, पाहुणे रुमालाने वारा घेत होते. मॅडमना वाटलं म्हातारी रंगलीय. मी पुन्हा विनीतच्या नखांपासून सुरुवात केली.

तेव्हा दारात माणूस उभा राहिला.

अनवाणी. बनियनवर तेलकट एप्रन, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. पीठ अजून ओलं होतं. म्हणजे फार लांबून आला नव्हता. इतकी वर्षं कळव्यात एक बाई दाराकडे कान लावून झोपत होती, आणि हा शिळफाट्याच्या रस्त्याला कुठल्यातरी ढाब्यात रोट्या थापत होता. डोळे उघडे होते पण त्यांत कोणी नव्हतं. तो कोणाकडे न बघता रांगांमधून चालत आला आणि पाचव्या लाल खुर्चीवर बसला. कापडाला पीठ लागलं. पाटावरची सुपारी अर्धी तांदळात गेली आणि तिथेच थांबली.

क्षिप्रा त्याच्या पायाशी बसली, हात धरला, बाबा म्हणाली. त्याने वळूनही पाहिलं नाही. बाकीच्या चार खुर्च्यांवर जे बसले होते ते जिकडे बघत असतील तिकडे, माझ्याकडे, तो बघत होता. चौघांबरोबर पाचवा, निघायची वाट बघत.

काळुराम स्टेजवर चढला. त्याला यातलं काय कळलं होतं देव जाणे. "आये, पाठवणी म्हण आता. किती ताणशील."

क्षिप्राने वर पाहिलं. "आजी, बाबांचं नाव सोडून नाही का म्हणता येणार?"

नाही येत. मधलं नाव सोडलं तर अर्धे जातात, अर्धे रस्त्यात राहतात, आणि रस्त्यात राहिलेलं माणूस कोणाचंच नसतं. म्हणायची तर पुरी म्हणायची, नाहीतर म्हणायचीच नाही. आणि नाही म्हटली तर बाकीच्या चौघांची माणसंही इथेच राहणार. ती माझी नव्हती, त्या पोरांची होती. मी चौघांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सरळ सांगितलं.

विनीतने पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. आजोबांना कधी कोणी बसू दिलं नाही आजी, म्हणाला, बसू दे की. सोनलने विचारलं, सासूबाई इथे राहिल्या तर घरी नसणार ना. मी म्हटलं नाही. ती जरा हसली आणि लगेच रडली, म्हणाली, मग बाळाला इथे आणत जाईन. ऋतुराज पहिल्यांदाच गप्प होता. त्याने नुसती मान हलवली, आणि खाली उतरताना आत्याची खुर्ची खिडकीकडे थोडी सरकवली, वारा लागावा म्हणून.

राहिली संचिता. मला तिचीच भीती होती. न मानणाऱ्याकडे मागायचं काय आणि कसं.

"आजी राहू दे," ती म्हणाली. "हॉल तिने बांधलाय. पण उद्या कोणी तिला उठवायचं नाही. ते तुम्ही बघायचं."

मी हो म्हटलं आणि तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा धवला अर्धा टाकून पाटावरून उठले. लोकांना वाटलं संपला. टाळ्या वाजल्या, वीज आली, पंखे फिरायला लागले. टाळ्यांच्या आवाजाने रवींद्रचे डोळे मिटले आणि उघडले, आणि आता त्यांत माणूस होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, पाणी मागितलं. मग पायाशी बसलेल्या पोरीकडे बघून विचारलं, "क्षिपू, शाळा सुटली का?"

पुढची हकीकत थोडी आहे. ढाब्याचा मालक शोधत आला होता. त्याच्याकडे हा बाबुराव म्हणून होता. रोटी अर्धी थापून, तव्यावरची तशीच टाकून चालायला लागला, हाका मारल्या तरी थांबला नाही. त्याचं खरं नाव इतक्या वर्षांत कोणी घेतलेलं नव्हतं. पहिल्यांदा घेतलं ते मी. घर का सोडलं ते तो सांगत नाही, आणि त्याची बायको विचारत नाही. ठाण्याची सही राहिली ती राहिलीच. क्षिप्रा अधूनमधून फोन करते. बाबा बरे आहेत म्हणते, पोळ्या तेच करतात. फक्त कुठे लग्नाचं गाणं लागलं की हातातलं खाली ठेवतात आणि उभे राहतात, आणि ते संपेपर्यंत दाराकडे तोंड करून असतात. तिने घरातला टीव्ही काढून टाकलाय.

हॉल तसाच आहे, चार खुर्च्या मी काढू दिल्या नाहीत. मॅडमनी एकदा शिपायाला सांगून त्या मागे नेल्या होत्या. सकाळी पहिल्या रांगेत होत्या, लाल कापडासकट. नंतर त्यांनी विषय काढला नाही. नवीन पोरं त्यांवर बसत नाहीत, कोणाला सांगावं लागत नाही. परीक्षेला त्यांच्याजवळच्या बाकावर ज्यांचा नंबर येतो ती पोरं सांगतात, कोणीतरी मागून हळूच वाचतंय असं वाटतं, एकेक अक्षर लावत, नुकतं शिकल्यासारखं. सोनल बाळाला घेऊन येते. ते आता चालतं. चौथ्या खुर्चीपाशी जाऊन हात वर करतं, उचलून घ्या म्हणून. चौथी मीराबाईची. सासूची तिसरी. सोनल म्हणते, पोराला कळत नाही. मला वाटतं त्यालाच कळतं. संचिता शिकवायला लागलीय कुठेतरी, तीही येऊन जाते. मानत नाही ती, पण येताना पेढा आणते आणि जाताना नेत नाही.

त्या दिवसापासून मी गायले नाही. लोकांना वाटतं म्हातारीचा आवाज गेला. आवाज आहे. पण पाठवणी म्हणजे दार आहे, आणि ते दार मीच उघडं टाकून उठलेय. आता कोणाच्याही मांडवात मी ती म्हटली तर राहिलेले सगळे निघतील, पाचही, रवींद्रसुद्धा. काळुरामच्या मुलीचं लग्न ठरलंय. माझ्याच नातीच्या मांडवात दुसऱ्या गावची धवलारीन बसणार, जिचा आवाज फुटक्या घागरीसारखा आहे. मी पुढे बसून ऐकणार. लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे.

तो पाट मी हॉलच्या काचेच्या कपाटात ठेवलाय, ट्रॉफ्यांच्या खालच्या कप्प्यात, किल्ली माझ्या कमरेला. दुपारी कॉलेज रिकामं झालं की जाते आणि बघते. चार राशी नुसत्या तांदळाच्या दिसतात. पाचवीवर सुपारी अर्धी वर आहे. तांदळाला अजून कीड लागलेली नाही.

काल मला ती थोडी खाली गेल्यासारखी वाटली. काळुरामला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, आये, तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय. असेल. पण येताना स्वयंपाकघरात सुनेने मला विचारलं, आई, इतक्या दिवसांनी काय गुणगुणताय. मी काही गुणगुणत नव्हते. मला तरी तसं वाटत होतं.

तेव्हापासून मी तोंडात पदराचं टोक धरून बसलेय.